तुम्ही विचारलंत म्हणून : गॅसचा ओव्हन घरीच उघडावा का?

गॅसवरचा ओव्हन बिघडला की मी तो आधी स्वतः उघडून पाहते, हे ज्यांना ठाऊक आहे ते मला हमखास दोन प्रश्न विचारतात : गॅसच्या उपकरणाला हात लावायची भीती वाटत नाही का, आणि आम्ही हे घरी करावे का? दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच ठिकाणी सापडते. ओव्हनचा एक भाग गॅस कोंडून धरण्याचे काम करतो, म्हणजे नळी, तिच्या जोडण्या, व्हॉल्व्ह आणि रेग्युलेटर. उरलेला सारा ओव्हन हा वीज, उष्णता आणि पत्रा यांचा मामला असतो. पहिल्या भागाला मी पाना लावत नाही. दुसरा भाग मात्र सावकाश आणि नीट काम करणाऱ्या माणसाला घरी दुरुस्त करता येतो, आणि ओव्हन पेटत नाही, पेटून विझतो किंवा नीट तापत नाही या नेहमीच्या तक्रारींचे मूळ पुष्कळदा याच भागात असते.

अर्थात खोलीत गॅसचा वास येत असेल, तर ही सगळी चर्चा बाजूला ठेवावी. तेव्हा पुरवठा बंद करायचा, दारे-खिडक्या उघडायच्या, विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करायचे नाही आणि बाहेर जाऊन जाणत्या माणसाला बोलवायचे, एवढेच काम उरते. सिलिंडरमधल्या गॅसातला प्रोपेन हवेच्या सुमारे दीडपट आणि ब्यूटेन जवळजवळ दुप्पट जड असतो, म्हणून तो जमिनीलगत साचतो आणि उभ्या माणसाच्या नाकाला त्याचा अंदाज उशिरा येतो. नळाने येणारा नैसर्गिक वायू मुख्यतः मिथेन असल्याने हवेपेक्षा हलका असतो आणि छताकडे जातो. हवेत प्रोपेनचे प्रमाण अवघे २ टक्क्यांच्या थोडे पुढे गेले, तरी एका ठिणगीवर ते मिश्रण पेट घेऊ शकते. वास येत नसतानाही ओव्हन उघडण्यापूर्वी गॅसचा कॉक बंद करावा आणि विजेचा प्लग भिंतीतून काढून ठेवावा. नुसते बटण बंद करून माझे समाधान होत नाही. प्लग डोळ्यांसमोर पडलेला दिसला पाहिजे.

ओव्हनचे कामकाज शेगडीपेक्षा वेगळे असते, हे समजून घेतल्याशिवाय दोष शोधता येत नाही. शेगडी डोळ्यांसमोर जळते; ती विझली तर आपल्याला दिसते. ओव्हनचा बर्नर बंद पेटीत, बहुधा तळाच्या पत्र्याखाली जळतो आणि तापमान राखण्यासाठी लहान-मोठा किंवा चालू-बंद होत राहतो. तो पेटला नाही आणि गॅस मात्र येत राहिला, तर बंद पेटीत स्फोटक मिश्रण तयार होईल. म्हणून आधुनिक ओव्हनमध्ये गॅस वाहता राहण्यापूर्वी ‘पेटले आहे’ किंवा ‘नक्की पेटेल’ अशी खात्री मागणारी एखादी योजना असते. ओव्हन पेटत नाही अशी तक्रार येते तेव्हा पुष्कळदा गॅसही ठीक असतो आणि व्हॉल्व्हही. ती खात्री पोहोचत नसते.

या खात्रीचा एक प्रकार लालबुंद तापणाऱ्या इग्नायटरचा, म्हणजे गॅस पेटवणाऱ्या कांडीचा आहे, आणि त्याच्याविषयीचा गैरसमज इतका सार्वत्रिक आहे की त्यावर थोडे थांबावेसे वाटते. या रचनेत सिलिकॉन कार्बाइडची एक कांडी आणि गॅसचा सुरक्षा व्हॉल्व्ह एकाच विद्युतमार्गात एकापुढे एक जोडलेले असतात, म्हणजे कांडीतून जाणारा प्रवाहच व्हॉल्व्हमधून जातो. कांडी तापत जाते तसा तिचा विद्युतरोध कमी होतो आणि प्रवाह वाढतो. प्रवाह पुरेसा वाढला की व्हॉल्व्हमधली द्विधातूची पट्टी तापून वाकते आणि तेव्हा कोठे गॅसला वाट मिळते. गॅस येईपर्यंत कांडी तो पेटवण्याइतकी तापलेलीच असते, असा हा बंदोबस्त आहे. वर्षानुवर्षे तापून-निवून कांडी जुनी होते, तसा तिचा रोध वाढतो. मग ती लाल दिसते, नारिंगीही दिसते, पण तिच्यातून जाणारा प्रवाह व्हॉल्व्ह उघडण्याइतका राहत नाही. पाहणारा म्हणतो, ‘इग्नायटर तर पेटतो आहे, म्हणजे व्हॉल्व्ह बिघडला’, आणि महागडा व्हॉल्व्ह बदलून मोकळा होतो. दोष मात्र जिथल्या तिथे राहतो.

लाल प्रकाश हा पुरावा नव्हे; पुरावा प्रवाहाचा हवा. त्यासाठी क्लॅम्प मीटर लागतो, कारण तो तार न कापता आणि उघड्या टोकाला स्पर्श न करता प्रवाह मोजतो. वीज बंद असतानाच इग्नायटरच्या दोनपैकी एका, वेष्टन शाबूत असलेल्या तारेभोवती मीटरचा जबडा बसवावा, हात बाहेर काढावेत आणि मगच ओव्हन चालू करावा. चपट्या कांडीच्या सामान्य रचनेत व्हॉल्व्ह उघडायला ३.२ ते ३.६ अँपिअर प्रवाह लागतो, गोल कांडीच्या रचनेत सुमारे २.५ ते ३. नेमका आकडा व्हॉल्व्हवर छापलेला असेल तर तोच प्रमाण मानावा. निरोगी कांडी साधारण अर्ध्या ते दीड मिनिटात काम उरकते. त्याहून कितीतरी अधिक वेळ ती नुसती लाल राहून प्रवाह अपुरा दाखवत असेल, तर कांडी बदलायची वेळ झाली. व्हॉल्व्ह चांगला आहे का हे पाहण्यासाठी त्याला भिंतीतली वीज थेट देण्याचा उद्योग मात्र कोणीही करू नये. त्याच्या वाट्याला नेहमी विजेचा अगदी थोडा दाब येतो. विजेचा पूर्ण दाब मिळताच तो जळतो आणि मग संशयाचे रूपांतर खात्रीत होते!

नवी कांडी आणताना ओव्हनच्या दाराच्या चौकटीवर किंवा खालच्या खणामागे लिहिलेला मॉडेल क्रमांक उतरवून न्यावा, कारण दिसायला सारखी कांडी वेगळ्या प्रवाहाची असू शकते. कांडी ठिसूळ असते, म्हणून ती नेहमी तळाच्या चिनी मातीच्या भागाला धरून उचलावी. तारा जोडताना उष्णता सोसणारे सिरॅमिकचे जोडच वापरावेत. साधी चिकटपट्टी त्या उष्णतेत वितळते आणि उघडी पडलेली तार पत्र्याला टेकते.

दुसरा प्रकार थर्मोकपलचा. त्याची ओळख अशी की नॉब दाबून धरला तोवर बर्नर व्यवस्थित जळतो आणि नॉब सोडला की विझतो. दोन भिन्न धातूंच्या सांध्याला उष्णता दिली की विजेचा क्षीण दाब निर्माण होतो, हा परिणाम १८२१ साली सीबेक यांनी नोंदवला, आणि ओव्हनच्या ज्योतीत उभी असलेली ती तांब्याच्या शेपटीची बारीक सळई नेमकी त्याच परिणामावर चालते. तापल्यावर ती २० ते ३० मिलिव्होल्ट निर्माण करते. तेवढ्यावर व्हॉल्व्हमधले छोटे विद्युतचुंबक झडप उघडी धरून ठेवते, आणि ज्योत विझली की सळई निवते, चुंबक सुटतो व गॅस बंद होतो. बाहेरची वीज यात कुठेही नाही, म्हणून वीज गेली तरी हा पहारा चालू राहतो.

इथे लगेच नवी सळई आणू नये. आधी तिचे टोक खरोखर ज्योतीत येते का ते पाहावे, कारण साफसफाई करताना धक्का लागून ते बाजूला सरकणे ही अगदी नित्याची गोष्ट आहे. टोकावर काजळी किंवा तेलकट थर असेल तर बारीक पॉलिश पेपरने हलकेच पुसून काढावा. व्हॉल्व्हकडचे टोक ढिले झालेले असेल तर नट बोटांनी घट्ट करून वर पान्याचा जेमतेम पाव फेरा द्यावा. जोर लावला तर आतला संपर्क चेपतो. या सांध्यातून गॅस वाहत नाही, फक्त वीज जाते, म्हणून तो माझ्या रेषेच्या अलीकडे येतो. एवढे करूनही फरक पडला नाही, तर सळई सोडवून दुसऱ्या ज्योतीवर तापवावी आणि मल्टिमीटरने मिलिव्होल्ट मोजावेत. नॉब दोरीने बांधून किंवा पाचर ठोकून दाबलेला ठेवण्याची युक्ती काही जण मोठ्या अभिमानाने सांगतात. त्यांनी दुरुस्त काहीच केलेले नसते. ज्योत विझल्याचे ज्याला कळायला हवे, त्यालाच त्यांनी कामावरून काढलेले असते.

ठिणगीने पेटणाऱ्या ओव्हनबद्दल फार सांगण्यासारखे नाही. खोलीत अंधार करून बटण दाबावे आणि ठिणगी कुठे उडते ते पाहावे. ती टोकावर न उडता मध्येच कुठे दिसली, तर चिनी मातीच्या आवरणाला तडा गेलेला असतो. टिकटिक ऐकू येऊनही ठिणगी दिसत नसेल तर ओल, तेलकटपणा किंवा सुटलेली तार शोधावी. धुतल्यानंतर सुरू झालेली तक्रार बहुधा नीट वाळवल्यावर जाते.

ज्योतीचा रंग हा विषय मात्र घाईने सोडण्यासारखा नाही, कारण इतर बिघाडांत ओव्हन बंद पडतो आणि या बिघाडात तो चालू राहतो. नीट जळणारी ज्योत निळी, स्थिर आणि आत स्पष्ट शंकू असलेली असते. ती पिवळी, लांबट व लवलवती झाली, तर तिला हवा कमी पडत आहे आणि गॅस अर्धवट जळत आहे असा अर्थ होतो. अर्धवट ज्वलनातून काजळीबरोबर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. म्हणून पिवळ्या ज्योतीचा ओव्हन ‘चालतो आहे ना’ म्हणून वापरत राहणे मला मुळीच मान्य नाही. बर्नरची छिद्रे मऊ ब्रशने साफ करणे, नळीच्या तोंडाशी जमलेली धूळ किंवा कोळ्याचे जाळे काढणे आणि हवेची झडप असल्यास ती उत्पादकाच्या पुस्तिकेप्रमाणे लावणे, इतके घरी करता येते. हवा जास्त झाली तर ज्योत बर्नरपासून सुटून फुरफुरते, तेव्हा झडप थोडी मागे घ्यावी. ज्यातून गॅस बर्नरमध्ये येतो त्या पितळी जेटच्या छिद्रात मात्र सुई किंवा तार कधीही घालू नये. ते छिद्र मोजून पाडलेले असते. मऊ पितळेत सुई फिरवली की ते मोठे होते, गॅस जास्त येतो आणि ज्योत आणखी पिवळी होते. सिलिंडरच्या गॅससाठी आणि नैसर्गिक वायूसाठी जेट वेगवेगळे असतात, त्यामुळे घर बदलल्यावर, किंवा सिलिंडर जाऊन नळाचा गॅस आल्यावर ज्योत बिघडली, तर तो दोष नसून रूपांतर करायचे राहून गेलेले असते. ते काम अधिकृत तंत्रज्ञाचे आहे.

ओव्हन पेटतो, जळतो, पण तापमान चुकते, अशीही एक तक्रार असते. तिची शहानिशा दाराच्या काचेवर हात ठेवून होत नाही. ओव्हनचा तापमापक मधल्या जाळीवर ठेवावा, बर्नर काही वेळा चालू-बंद होऊ द्यावा आणि वरचा व खालचा आकडा यांची सरासरी काढावी, कारण निरोगी ओव्हनचे तापमानही ठरलेल्या अंकाच्या वरखाली होतच असते. तापमान राखणाऱ्या यांत्रिक थर्मोस्टॅटमध्ये एका बारीक नळीच्या टोकाला द्रव भरलेला फुगीर गोळा असतो. तो अडकणीतून निसटून पत्र्याला टेकला असेल तर पुन्हा जागेवर बसवावा, पण नळीला चीर किंवा मुरड पडली असेल तर ती जोडता येत नाही. इलेक्ट्रॉनिक ओव्हनमधला तापमान ओळखणारा प्लॅटिनमचा संवेदक ० अंशाला १००० ओहमचा असेल, तर २५ अंश सेल्सिअसला तो सुमारे १०९७ ओहम दाखवतो. मीटर त्यापासून फार दूरचा आकडा दाखवत असेल, तर दोष तिथेच आहे. दाराचे रबर फाटलेले किंवा चेपलेले असेल, तर संवेदकाला बोल लावण्याआधी तेच बदलावे.

आता पहिल्या भागाला मी हात का लावत नाही, ते सांगते. घरगुती उपकरणांना मिळणारा गॅसचा दाब अगदी कमी, २० ते ३७ मिलिबारच्या आसपास असतो, आणि त्यामुळेच सांध्यातली सूक्ष्म गळती ना दिसते ना ऐकू येते. उघडता येणाऱ्या जोडणीवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहणे हे मीही करते, काडी पेटवून पाहणे कधीच नाही. पण व्हॉल्व्हच्या पोटातली गळती साबणाच्या पाण्याला सापडत नाही. तिथे दाब मोजणारे साधन हवे आणि ते वापरणारा प्रशिक्षित माणूस हवा. काही देशांत कायदाही असे काम परवानाधारकाकडेच सोपवतो, तेव्हा आपल्याकडचा नियम आधी पाहून घ्यावा.

सगळे पूर्ववत बसवल्यावर ओव्हन रिकामाच, खिडकी उघडी ठेवून अर्धा तास चालवावा आणि तो या काळात निदान दोन-तीनदा आपोआप विझून पुन्हा पेटतो का ते पाहावे. पेटताना ‘भप्’ असा आवाज येत असेल तर गॅस आधी साचून मग पेटतो आहे, म्हणून तो लगेच बंद करावा. आणि तळाचा पत्रा उचलल्यावर बर्नरची नळीच गंजून तिला भोके पडलेली दिसली, ज्योत छिद्रांऐवजी भलत्याच ठिकाणाहून निघत असली, तर तिथे डाग देणे किंवा लेप लावणे हा उपाय नाही. मूळ उत्पादकाचा नवा बर्नर मिळत असेल तर तो तंत्रज्ञाकडून बसवून घ्यावा, आणि मिळत नसेल तर तो ओव्हन पुन्हा पेटवू नये.