तेव्हा नाही आठवली आई?

मी कैद्यांचे पॅरोलचे अर्ज करून देतो हे कळलं, की लग्नाच्या पंगतीतसुद्धा एक प्रश्न ठरलेला असतो. ‘दुसऱ्याच्या पोराला मारताना याला आई आठवली नाही, आणि आता ती आजारी पडली तर लगेच रजा?’ विचारणारी माणसं बहुधा भली असतात. पंगतीत उत्तर देता येत नाही. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

महाराष्ट्रात यासाठी १९५९चे नियम आहेत, वेळोवेळी दुरुस्त केलेले. फर्लो म्हणजे संचित रजा. ठरावीक शिक्षा भोगून झाली आणि वागणूक बरी असली की ती मागता येते, कारण द्यावं लागत नाही. पॅरोल म्हणजे अभिवचन रजा. तिला कारण लागतं: घरातलं गंभीर आजारपण, मृत्यू, लग्न, घर पडणं. फर्लोचे दिवस शिक्षेत धरतात, पॅरोलचे धरत नाहीत. तेवढी शिक्षा पुढे सरकते. ‘शिक्षा माफ केली’ म्हणून जी ओरड होते तिच्यात हे कधीच येत नाही.

आता अर्जाचं बघा. गावाकडून भाऊ किंवा बायको आईची फाईल पाठवते. खासगी डॉक्टरचा कागद चालत नाही, सिव्हिल सर्जनचा दाखला आणा म्हणतात. मग पोलीस ठाण्याचा अहवाल. हवालदार घरी जाऊन जामीनदाराचा, शेजाऱ्यांचा, फिर्यादीच्या घरच्यांचा जबाब घेतो. माझ्या टेबलावर आलेल्या अहवालांत दोन वाक्यं छापून ठेवल्यासारखी असतात. एक, ‘बंद्यास रजेवर सोडल्यास शांतता व सुव्यवस्था बिघडण्याची शक्यता नाकारता येत नाही.’ दुसरं, ‘आजारी आईची देखभाल करण्यास घरी इतर सदस्य आहेत.’ हे दुसरं वाक्य वाचलं की डोकं फिरतं. घरी सून आहे, म्हणून मरणाऱ्या बाईला मुलाची गरज नाही, हे कुणी ठरवलं? माझ्या एका अशिलाला नामंजुरीचं पत्र मिळालं ते आईचं तेरावं होऊन गेल्यावर. कारण दिलं होतं, ‘प्रमाणपत्रात आजार गंभीर असल्याचे नमूद नाही.’ त्याने पत्र वाचलं, घडी घातली आणि मला परत दिलं. म्हणाला, ‘वकीलसाहेब, हे तुमच्याकडंच राहू द्या.’

तुमच्यापर्यंत हा माणूस पोचत नाही. तुमच्यापर्यंत पोचतात ते वेगळेच. २००९मध्ये जेसिका लाल खून खटल्यातला मनू शर्मा आईच्या आजाराचं कारण देऊन तिहारमधून बाहेर आला, मुदतवाढही मिळाली, आणि मग तो दिल्लीच्या एका नाइटक्लबमध्ये दिसल्याच्या बातम्या आल्या. आई चंदीगडला जाहीर कार्यक्रमात दिसली. वडील राजकारणातले, तेव्हा दिल्लीच्या मुख्यमंत्री शीला दीक्षितांच्या सरकारला उत्तर देता देता घाम फुटला. डिसेंबर २०१३मध्ये पत्नीच्या आजारपणासाठी संजय दत्तला पॅरोल मिळाला. त्याआधी ऑक्टोबरमध्ये तो फर्लोवर येऊन गेलाच होता. पॅरोल वाढत वाढत मार्च २०१४पर्यंत गेला. येरवड्याबाहेर निदर्शनं झाली, तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटलांनी चौकशीचे आदेश दिले. पत्नी एका चित्रपटाच्या कार्यक्रमात दिसली यावरून जो गदारोळ झाला, तो मला पटला नव्हता. आजारी माणूस दोन तास नटूनथटून बाहेर पडूच शकत नाही असं थोडंच आहे. खटकला तो वेग. माझ्या अर्जदारांच्या फाईलला असे पाय फुटल्याचं मी पाहिलेलं नाही.

हरियाणात बलात्काराच्या गुन्ह्यात शिक्षा भोगणाऱ्या डेराप्रमुख राम रहीमचं बघा. मे २०२१मध्ये आजारी आईला भेटायला त्याला एक दिवस सोडलं, पोलीस पहाऱ्यात. ते मला योग्यच वाटतं. पुढे पंजाबच्या मतदानाआधी फेब्रुवारी २०२२मध्ये एकवीस दिवस आणि हरियाणाच्या मतदानाआधी २०२४मध्ये वीस दिवस, ही आईची माया नव्हे.

माझ्या विरोधात जाणारं उदाहरण आमच्याच राज्यातलं आहे, ते लपवत नाही. वडाळ्यात एका तरुण वकील मुलीचा खून करून जन्मठेप भोगणारा सुरक्षारक्षक २०१६च्या सुरुवातीला आजारी आईचं कारण सांगून नाशिकच्या कारागृहातून पॅरोलवर गेला तो परतलाच नाही. ऑक्टोबर २०१७मध्ये काश्मीरात सापडला. त्या दीड वर्षात मुलीच्या आईवडिलांचं काय झालं असेल, याची कल्पना करायला वकिली लागत नाही.

सरकारने काय केलं? ऑगस्ट २०१६मध्ये नियम आवळले. बलात्कार, दरोडा, दहशतवादी कृत्यं असे गुन्हे असलेल्या कैद्यांसाठी रजेची दारं बरीचशी बंद केली. गुन्ह्याचं नाव बघून यादी करणं सोपं असतं. पण आई खरंच आजारी आहे का, जामीनदार खरा आहे का, माणूस हजेरी लावतोय का, हे तपासायला माणसं लागतात, आणि ती कुठल्याही यादीने मिळत नाहीत. ज्यांची ओळख वरपर्यंत आहे त्यांना यादीने फारसा फरक पडत नाही. ज्यांची नाही त्यांचं बघा. माओवाद्यांशी संबंधांच्या आरोपावरून जन्मठेप झालेले प्राध्यापक जी. एन. साईबाबा नागपूरच्या कारागृहात होते, नव्वद टक्के अपंग, चाकाच्या खुर्चीत. आई हैदराबादला कॅन्सरने अत्यवस्थ. भेटायची परवानगी मिळाली नाही, १ ऑगस्ट २०२०ला ती गेल्यावर अंत्यविधीसाठीही नाही. मार्च २०२४मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. सात महिन्यांत तेही गेले.

मधला रस्ता नाही असं नाही. पत्रकार सिद्दीक कप्पन कच्चे कैदी असताना सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१मध्ये त्यांना पाच दिवस केरळात आईकडे जाऊ दिलं. सोबत पोलीस, माध्यमांशी बोलायची बंदी. गेले, भेटले, परत आले. ज्याच्याबद्दल शंका आहे त्याला असं पाठवा, आणि बंदोबस्ताचा खर्च त्याच्या बायकोच्या गळ्यात मारू नका, कारण मग ही सोयही पैसेवाल्यांचीच होते. आजारपणाच्या अर्जाचा निकाल आठवड्यात लावा. नाही म्हणायचं तर आई जिवंत असताना म्हणा, म्हणजे वर कोर्टात तरी जाता येईल.

तेव्हा, नाही हो, त्याला तेव्हा आई आठवली नव्हती. त्याबद्दल न्यायाधीशांनी शिक्षा दिली आहे आणि ती तो भोगतोय. मी फक्त आईच्या शेवटच्या आठवड्यासाठी अर्ज लिहितो. फिर्यादीकडच्यांचा जबाब घेतात, पण कैदी रजेवर नेमका कधी सुटणार, कुठे राहणार, हे त्यांना पुष्कळदा तो बाजारात समोर आल्यावरच कळतं. ते आधी लेखी कळवलं पाहिजे, यासाठी मोर्चा काढणार असाल तर मला बोलवा, मी येतो.