स्कॅनरनं लिहिलं 'एण'

सोलापुरात नवी पेठेत काकांचं चादरींचं दुकान आहे. त्यांच्या बिलिंगचा प्रोग्राम मी पायथन भाषेत, खिडक्या-बटणांसाठी क्यूटी ही लायब्ररी वापरून लिहिलाय. परवा फोन आला, "आरं, मशीन बारकोडातलं 'एससी' सोडून 'एण' लिहितंय की!"

दोन तास मी 'प्रोग्राम बरोबरच आहे' म्हणत बसलो.

यूएसबी बारकोड स्कॅनर काँप्युटरला कीबोर्डच वाटतो. तो अक्षर पाठवत नाही, कळीचा क्रमांक पाठवतो. अक्षर ठरतं ते चालू लेआउटवरून, म्हणजे कुठल्या कळीला कुठलं अक्षर या मांडणीवरून. काकांनी गिऱ्हाइकाचं नाव मराठीत टाकलं आणि इनस्क्रिप्ट हे मराठी लेआउट तसंच चालू ठेवलं. त्यात शिफ्टसकट एसच्या जागी ए येतो, सीच्या जागी ण.

मग इव्हेंट फिल्टर, म्हणजे दाबलेली प्रत्येक कळ प्रोग्रामच्या आधी तपासणारा कोड, बसवला. की-प्रेसमधला टेक्स्ट वाचणं सोडलं, नेटिव्ह स्कॅनकोडवरून, म्हणजे लेआउटवर न ठरणाऱ्या कळीच्या क्रमांकावरून, कळ ओळखली. शिफ्टचा हिशोब वेगळा ठेवावा लागला. दोन कळांत ३० मिलिसेकंदांहून कमी अंतर असेल तर स्कॅनर, नाहीतर काका. (काका एका बोटानं टाइप करतात, त्यामुळे घोळ होत नाही.) स्कॅनरच्या शेवटच्या एंटरनं अर्धवट बिल सेव्ह व्हायचं, तोही फिल्टरमध्येच गिळला.

फीचं विचारलं तर काकांनी शेंगाचटणीचा डबा पुढं केला.