कंसातलं नाव कुठपर्यंत पुरतं?

वाङ्मयचौर्याचा बागुलबुवा कॉलेजात इतका मोठा झालाय की मुलांना वाटतं, लिहिताना एकच गुन्हा होऊ शकतो: दुसऱ्याचं आपलं म्हणून खपवणं. एम.ए.चे लघुप्रबंध तपासताना मला मात्र उलटा प्रकार जास्त भेटतो. स्वतःला सुचलेलं मुलं बिनदिक्कत दुसऱ्याच्या नावावर चढवतात.

यंदा समाजशास्त्राची एक विद्यार्थिनी १९७२ च्या दुष्काळी कामांवर गेलेल्या बायकांवर लिहितेय. मुलगी माण तालुक्यातली. आजीपासून सुरुवात करून आसपासच्या गावांतल्या म्हाताऱ्या बायकांशी ती बोलली, सगळं मोबाइलवर रेकॉर्ड केलं. कामावर मिळणारी सुकडी, मिलो नावाची परदेशी लाल ज्वारी, पाझर तलाव, मुकादमाच्या शिव्या, सगळं त्यात आहे. तिच्या दुसऱ्या प्रकरणातला हा परिच्छेद (तिला विचारून देतेय):

‘१९७३ च्या मे महिन्यात राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख लोक होते. या कामांमुळे मोठी जीवितहानी टळली. कामांवर स्त्रियांचे प्रमाण लक्षणीय होते. मजुरी मापावर, म्हणजे टोळीने जेवढे काम केले त्यानुसार, मिळत असल्याने लेकुरवाळ्या स्त्रीला टोळीत घेण्यास लोक नाखूश असत, त्यामुळे अशा स्त्रिया मातीकामाऐवजी खडी फोडण्याकडे वळत. (द्रेझ, १९९०)’

वाचायला ठीक वाटतं. कंस आहे, साल आहे, संदर्भसूचीत अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ यांचा भारतातल्या दुष्काळनिवारणावरचा निबंधही आहे. पण हा परिच्छेद म्हणजे पोटहिस्से न पडलेला सामायिक सातबारा. चार वाक्यं, एक नाव, आणि कुठला तुकडा कुणाचा ते तलाठ्यालाही सांगता येणार नाही.

मी तिला एकेका वाक्याचा मालक विचारला. पहिली दोन द्रेझ यांची, ती तिने पान काढून दाखवली. तिसऱ्याला ती अडखळली. ते आलं होतं कुमुदिनी दांडेकर आणि मंजू साठे यांच्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मधल्या १९८० च्या लेखातून. तो लेख रोजगार हमी योजनेवरचा आहे. म्हणजे दुष्काळ सरल्यानंतरच्या, १९७७ च्या कायद्याने पक्क्या झालेल्या हमीच्या कामांवरचा. ७३ च्या उन्हाळ्यातल्या कामांबद्दलचा तो पुरावाच नव्हे. सरसकट एका कंसाखाली गेल्यामुळे ही गफलत दिसेनाशी झाली होती. कंस वाक्यागणिक असता तर लिहितानाच तिच्या लक्षात आलं असतं.

आणि चौथं?

“मॅडम, ते कुठल्याच पुस्तकात नाहीये.”

“मग द्रेझ कशाला आले तिथे?”

“शेवटी कंस टाकायचा असतो ना... आणि नुसतं माझं म्हणून लिहिलं तर कोण मानणार?”

खरी अडचण ही. संदर्भ दाखवायचा कसा हे आपण शिकवतो. संदर्भ संपला हे दाखवायचं कसं, ते शिकवत नाही. शिवाय मुलांच्या मनात एक घट्ट समज असतो की कंस नसलेलं वाक्य म्हणजे उघडं पडलेलं वाक्य. त्याला झाकायला जवळचं मोठं नाव ओढलं जातं. परीक्षक वाचतात, प्रकरणातलं सगळ्यात ताजं निरीक्षण द्रेझ यांच्या खात्यावर जमा करतात आणि शेरा मारतात: ‘स्वतंत्र विवेचनाचा अभाव.’

त्या चौथ्या वाक्याच्या आतही पुन्हा दोन मालक निघाले. रेकॉर्डिंग लावलं. एक आजी म्हणते, मापावर पैसे, मग पोरवालीला टोळीत कोण घेतंय. दुसऱ्याच गावातली दुसरी म्हणते, खडी बरी, बसून काम, पोर शेजारी. पहिलीने खडीचं नाव काढलेलं नाही, दुसरीने टोळीचं. या दोन गोष्टींची सांगड या मुलीने घातलीय. साक्षी त्यांच्या, अनुमान हिचं. ते चूकही असू शकेल. दोनचार मुलाखतींवरून सगळ्या जिल्ह्याबद्दल बोलता येत नाहीच. पण चूक ठरलं तरी ते हिचं चूक ठरायला हवं, द्रेझ यांचं नव्हे.

परिच्छेद मग तिनेच पुन्हा लिहिला. मी फक्त एवढं सुचवलं की लेखकाचं नाव वाक्याच्या सुरुवातीला आण. नावाने कुंपण सुरू होतं, कंसाने संपतं, आणि पुढचं वाक्य आपोआप मोकळ्या जागेत पडतं:

‘द्रेझ यांच्या मते १९७३ च्या मे महिन्यात कामांवर सुमारे ५० लाख लोक होते आणि या कामांमुळे मोठी जीवितहानी टळली (द्रेझ, १९९०). कोणत्या बाईला कोणते काम मिळाले, हा प्रश्न मला मुलाखतींतून पडला. मापावरच्या मजुरीमुळे लेकुरवाळ्या बाईला टोळीत घेत नसत, असे एकीने सांगितले (मुलाखत ३). खडीवर मूल शेजारी ठेवता येई, असे दुसरीने (मुलाखत ५). या दोन्ही कथनांवरून मला वाटते की काही बायका खडीच्या कामाकडे ढकलल्या गेल्या असाव्यात.’

‘वळत’चं ‘ढकलल्या गेल्या असाव्यात’ झालं, तेही तिनेच केलं. द्रेझ यांचं छत्र निघाल्यावर तिला आपला दावा तोलूनमापून मांडावासा वाटला. दांडेकर-साठे पुढच्या प्रकरणात गेले, हमी योजनेच्या चर्चेत.

यातलं काहीही साम्य शोधणाऱ्या सॉफ्टवेअरला कळत नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, पुढे ४० आणि ६० च्या पायऱ्या आहेत, आणि ६० च्या वर गेलात तर नोंदणीच रद्द. सॉफ्टवेअर शब्द जुळवतं. इंग्रजी लेखातलं पानभर मराठीत उतरवून काढलं तर ते बहुधा निमूट सोडून देतं. त्यामुळे मराठीतून लिहिणाऱ्यांत एक समजूत फोफावली आहे की भाषांतर केलं म्हणजे ते आपलं. शब्द तुमचे, कबूल. मुद्दा ज्याचा त्याचाच.

टिपणवहीबद्दल मी जरा जुनाट आहे. उघडलेल्या वहीचं डावं पान पुस्तकाला, पृष्ठक्रमांकासह, उजवं आपल्याला. वाचताना आलेली शंका, आठवलेली आजी, ‘हे पटत नाही’ असली कुरकुर, सगळं उजवीकडे. महिनाभराने वही उघडली की कुठलं वाक्य कुणाचं ते आठवत बसावं लागत नाही. हल्ली मुलं लॅपटॉपवर चिकटवतात आणि सगळं एकाच फाँटात येतं. तिथेच घोळ सुरू होतो. रंग बदला, रकाना करा, काहीही करा.

राहिला तो ‘मी’. वर तिने ‘मला वाटते’ लिहिलंय. आमच्याकडे अजून ‘प्रस्तुत संशोधिकेच्या मते’ची चाल आहे, आणि जुन्या वळणाचे परीक्षक त्यावर अडून बसतात. मी तिला म्हटलं, प्रस्तावनेत एकदा ‘प्रस्तुत संशोधिका’ म्हणून नमस्कार करून घे आणि पुढे सरळ ‘मी’ लिही. तोंडी परीक्षेत कुणी हरकत घेतलीच, तर शेजारच्या खुर्चीवर मी बसलेली असेनच.