आमची वाटचाल : एक ब्रेस काढून बघा

वाशीला दोन खोल्या, चार इंजिनियर आणि सॉफ्टवेअरच्या लायसन्सची किल्ली म्हणजे एक डोंगल. तो मी रोज रात्री खिशात घालून घरी न्यायचो. ऑफिसात चोरण्यासारखं तेवढंच होतं. काम मुंबई हायच्या जुन्या जॅकेटांचं, म्हणजे समुद्रात तेलाचे प्लॅटफॉर्म ज्यावर उभे असतात त्या पोलादी सांगाड्यांचं. डिझाइनचं आयुष्य संपलं, तेल संपलं नाही, मग अजून किती वर्षं उभं ठेवायचं?

पहिली वर्षं बरी गेली. सांगायचंय ते एका जॅकेटबद्दल. डायव्हरांना काही ब्रेस, म्हणजे सांगाड्याचे पाय जोडणारे पोकळ दांडे, गंजलेले आणि एक पाणी शिरलेला सापडला. एका बड्या फर्मने जाडजूड अहवाल दिला होता : यूसी (येणारा भार भागिले क्षमता) १ च्या वर गेलेल्या चौदाही ब्रेसना मजबुतीचे क्लॅम्प मारा. अहो, यूसी त्या एकट्या ब्रेसचा. तो गेल्यावर अख्खं जॅकेट काय करतं, ते त्यात कुठे दिसतं? आम्ही एकेक ब्रेस मॉडेलमधून काढून पुशओव्हर चालवला, म्हणजे जॅकेट कोसळेपर्यंत लाटेचा भार वाढवत नेला. एक्स आकाराच्या जोडीतला काढला तर आरएसआर (कोसळण्याचा भार भागिले डिझाइनचा भार) जेमतेम हलायचा, जोडीदार भार उचलायचा. के आकाराच्या जोडणीतला एकच काढला आणि आकडा धाडकन खाली! यूसी १ च्या आत, म्हणून तो चौदांत नव्हताच.

बैठकीत कुणी ऐकेना. आमचा अहवाल पातळ होता ना! तेव्हा आमचे मालवणचे डायव्हिंग सुपरवायझर काका उठले. शिंपले खरवडून धातू चकाकल्याशिवाय जाडीचं रीडिंग न घेणारा माणूस. वेल्डिंगच्या फिलर रॉडचं छोटं नमुन्याचं जॅकेट त्यांनीच जोडून दिलं होतं. पक्कडीने के-मधली एक सळी तोडली आणि बोटाने ढकललं. कललं. १९८० साली नॉर्वेच्या समुद्रात अलेक्झांडर कीलँड हा प्लॅटफॉर्म उलटला, १२३ माणसं गेली. तो तरंगता होता, जॅकेट नव्हे, पण सुरुवात एकाच ब्रेसपासून, हायड्रोफोनच्या आधारापाशी वेल्डला गेलेल्या तड्यातून.

बिल मात्र अकरा महिने अडकलं. एक खोली बारावीच्या क्लासला दिली. दोन पोरं सोडून गेली, त्याच बड्या फर्मकडे.

नव्यांना सांगतो, विश्वासार्हतेचं, म्हणजे कोसळण्याच्या शक्यतेचं, गणित करताना स्टीलच्या ताकदीवर डोकं फोडू नका. खरी अनिश्चितता लाटेत. भार ढोबळमानाने उंचीच्या वर्गाने वाढतो, उंचीत जेवढे टक्के चुकलात, भारात साधारण त्याच्या दुप्पट टक्के चुकलात.

शेवटी तो के-ब्रेस धरून दोनच क्लॅम्प बसले. बिलही आलं, पाच टक्के कापून. शेरा होता : ‘अहवालाची पृष्ठसंख्या अपुरी.’