मागे राहणारा पुढे

गोव्यातल्या आमच्या मयेहून विठ्ठलापूर तसं फार लांब नाही. डिचोली ओलांडून कारापूर तिस्कापर्यंत आलं की वाळवंटी नदीकाठचं राणे घराण्याचं विठ्ठल मंदिर जवळच. आळंदीहून निघून आठवड्यांमागून आठवडे चालणाऱ्यांना ही वारी वाटणारही नाही. पण आषाढात ज्यांचा पाय शेतातून किंवा नोकरीतून निघत नाही, अशा आमच्यासारख्यांचं पंढरपूर हेच.

माझ्या पत्नीचंही हेच होतं. ती सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिक्षिका. जूनमध्ये शाळा उघडायची, पहिलीची मुलं रडत-कढत वर्गात यायची, आणि नेमक्या त्याच दिवसांत पालख्या निघायच्या. "ह्या पोरांना टाकून गेले तर विठ्ठलच मला परत पाठवील," म्हणायची. निवृत्त झाल्यावर मात्र तिने आषाढी एकादशीची आमच्या वाड्यावरची दिंडी कधी चुकवली नाही. गेल्या माघात ती गेली. यंदा मी तिच्याशिवाय चाललो.

गोवा मुक्त झाला तेव्हा, 1961 साली, ती सहा वर्षांची होती. तिच्या थोरल्या बहिणीला अक्षरओळखीपलीकडे काही मिळालं नाही. मग गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या सरकारने खेडोपाडी प्राथमिक शाळा काढल्या आणि हिला पाटी मिळाली. बहिणीचं राहिलं आणि आपलं झालं, हे तिच्या मनातून कधी गेलं नाही. पुढे ती स्वतः बाई झाली तेव्हा शाळेला एकच खोली होती. पहिली ते चौथी चारही वर्ग त्याच खोलीत, आणि चौघांना मिळून ही एकटी.

शाळेच्या रस्त्यावरून खनिजाचे ट्रक जायचे. खाणीवरून नदीच्या धक्क्यापर्यंत एकामागून एक, लाल धूळ उडवत. शाळा सुटली की ती मुलांना ओळीने रस्ता ओलांडून वाड्यापर्यंत पोहोचवायची. त्या ओळीचा तिचा एक नियम होता: जो सर्वांत सावकाश चालतो तो सर्वांत पुढे. मोठी, चपळ मुलं मागे. "सावकाश चालणारा मागे असला की पुढच्यांना तो दिसत नाही. पुढे असला की कोणाला विसरता येत नाही," एवढंच तिचं स्पष्टीकरण.

मी त्याच भागातल्या एका खाणीवर टाइमकीपर होतो. ट्रकांच्या फेऱ्या माझ्याच वहीत लिहिल्या जायच्या. एका रात्री जेवणं झाल्यावर ती समोर येऊन बसली आणि म्हणाली, "अहो, शाळा भरताना नि सुटताना दहा मिनिटं तुमचे ट्रक थांबले तर कोणाचं काय बुडणार आहे?" मी म्हटलं, माझ्या हातात नाही. ती म्हणाली, "वही तर तुमच्या हातात आहे ना?" दुसऱ्या दिवशी मी ट्रकवाल्यांशी बोललो. साहेबाच्या परवानगीने नव्हे, त्यांची स्वतःची पोरं त्याच शाळेत होती म्हणून ते थांबू लागले. 2012 साली खाणी बंद पडल्या तोवर त्यातले कितीतरी जण थांबत होते. माझ्या नोकरीतलं अभिमानाने सांगावं असं काम हेच, आणि ते तिचं होतं.

घरातही तिचा नियम तोच. धाकटा बोलताना अडखळायचा. रात्री जेवताना आधी त्याने बोलायचं, त्याचं वाक्य कोणी पुरं करायचं नाही. आमटी निवली तरी चालेल. थोरली चुळबुळायची, मीही चुळबुळायचो. ती त्याच्याकडे अशी बघत बसायची, जणू तिला दुसरं काही कामच नाही. प्रत्यक्षात वह्यांचा गठ्ठा शेजारीच पडलेला असायचा. आज तो बेळगावात वकिली करतो. अजूनही अडखळतो, पण थांबत नाही.

यंदा सकाळपासून पाऊस धो धो. छत्र्या, प्लास्टिकच्या खोळी, मध्ये पखवाज कापडात गुंडाळलेला. माझा गुडघा डिचोलीच्या अलीकडेच बोलू लागला. मी मुद्दाम मागे राहिलो, कोणाला खोळंबा नको म्हणून. ते आमच्या पताकावाल्याने पाहिलं. तिचाच विद्यार्थी, एके काळी ट्रक चालवायचा. तो ओळ सोडून मागे आला नि म्हणाला, "भाऊ, तुमी मुखार." म्हणजे पुढे.

मी नको म्हटलं. तो हलेना. "बाईंच्या दिंडीत मागे कोण राहत नाही," म्हणाला.

मग पताकेच्या मागे मी आणि माझ्यामागे टाळकरी. माझं पाऊल पडेल तसा टाळ पडू लागला. पखवाजवाल्याने ठेका उतरवला. मागे तरणी पोरं होती, अर्ध्या वेळात पोहोचली असती, पण एकाने घाई केली नाही. मी रडलो. पावसात ते कोणाला दिसलं नसेल, आणि दिसलं असतं तरी मला चाललं असतं. इतकी वर्षं तिने जे केलं ते मी बाजूला उभा राहून पाहिलं होतं. त्या ओळीत पुढे उभं राहिल्यावर कसं वाटतं ते त्या मुलांना ठाऊक होतं, मला त्या दिवशी कळलं.

तिस्काच्या अलीकडे डोक्यावर तुळस घेतलेली एक म्हातारी माझ्या बाजूला आली. धाप लागली होती. "भाऊ, हांव फाटीं उरतां," म्हणाली, म्हणजे मी मागे राहते.

मी दोन पावलं मागे झालो आणि तिला पुढे घेतलं. ठेका आणखी उतरला. विठ्ठलापुरात शिरलो तेव्हा सगळ्यांच्या पुढे तीच होती. दर्शनाच्या रांगेतही पताकावाल्याने तिलाच आधी सोडलं, मग मला. देवासमोर मी बायकोचं नाव घेतलं, शाळेचं नाव घेतलं. बाहेर येऊन केळी खाल्ली नि धाकट्याला फोन लावला. त्याला बरंच विचारायचं होतं. मी मंडपात टेकून बसलो आणि त्याला सावकाश विचारू दिलं.