बाराची खूण आणि तीस युनिट

परिचारिकांच्या कामावर देखरेख करताना माझ्याकडे चुकांच्या नोंदी येतच असतात. बहुतेक नोंदी उशिरा आणि त्रोटक येतात: औषध द्यायचे राहिले, वेळ चुकली, खाली सही. त्या रात्री मात्र चूक घडून काही मिनिटे होतात न होतात तोच वॉर्डातून फोन आला. "मॅडम, इन्सुलिन जास्त गेलंय. मीच दिलंय, आत्ताच. डॉक्टरांना कळवलंय, तुम्हीही या." बोलणारी मुलगी नोकरीत नवी होती आणि तिचा आवाज कापत होता, तरीही कोणाला, किती आणि केव्हा, यातले काहीही तिने सांगायचे बाकी ठेवले नव्हते.

रुग्णाला रात्रीच्या जेवणाआधी साध्या इन्सुलिनची १२ युनिट द्यायची होती. त्यांनी घरून आणलेली बाटली एका मिलिलिटरमध्ये १०० युनिट असलेली होती, तर वॉर्डातल्या सिरिंज ४० युनिटच्या बाटलीसाठी होत्या. अशा सिरिंजवर १२ च्या खुणेपर्यंत ०.३ मिलिलिटर द्रव भरतो आणि १०० च्या बाटलीतून तेवढाच द्रव घेतला तर त्यात ३० युनिट येतात, म्हणजे ठरलेल्या मात्रेच्या अडीच पट. इंजेक्शन दिल्यावर बाटली परत ठेवताना तिचे लक्ष लेबलवरच्या १०० या आकड्याकडे आणि शेजारी पडलेल्या सिरिंजच्या लाल टोपणाकडे एकदमच गेले. १०० युनिटच्या सिरिंजचे टोपण नारिंगी असते.

त्वचेखाली दिलेले साधे इन्सुलिन साधारण अर्ध्या तासाने काम करू लागते आणि त्याचा जोर दोन ते चार तासांनी सर्वांत जास्त असतो. तिने लगेच सांगितले म्हणूनच हा सगळा अवधी आमच्या हाती राहिला. रुग्णाला तातडीने जेवण दिले, गरज पडल्यास शिरेतून ग्लुकोज देता यावे म्हणून शिरेत सुई आधीच लावून ठेवली आणि थोड्या थोड्या वेळाने साखर तपासत राहिलो. मध्यरात्रीच्या सुमारास ती ५८ पर्यंत उतरली, त्यांना दरदरून घाम सुटला. पण ग्लुकोज तयारच होते आणि पहाटेपर्यंत धोका टळला. हीच गोष्ट तिने मनात ठेवली असती तर घामाने भिजलेला रुग्ण 'झोपला आहे' असे समजून कोणीतरी पुढे गेले असते, ही शक्यता मला आजही अस्वस्थ करते.

रुग्णाच्या मुलाला डॉक्टरांनी आणि मी त्याच रात्री सर्व सांगितले. तो चिडला, आणि त्याचे चिडणे रास्त होते. थोड्या वेळाने त्याने विचारले, "तुम्ही सांगितलं नसतं, तर आम्हाला कळलं असतं का?" मी म्हणाले, "बहुधा नाही." त्यानंतर तो वडिलांजवळ जाऊन बसला; पण पुढच्या प्रत्येक तपासणीचा आकडा मात्र तो आमच्याकडून विचारून घेत राहिला.

दुसऱ्या दिवशी प्रशासनाने तिच्याकडून लेखी खुलासा मागवण्याचे ठरवले. मी त्याला विरोध केला. खुलासा मागितला की माणूस बचाव लिहितो. जे घडले ते कोणत्या क्रमाने घडले, हे त्यात क्वचितच सापडते. विमानवाहतुकीने हा धडा फार पूर्वी घेतला. अमेरिकेत १९७६ पासून नासाकडे अशा चुका कळवण्याची व्यवस्था आहे, आणि हेतू नसताना घडलेला नियमभंग १० दिवसांच्या आत कळवणाऱ्या वैमानिकाला सहसा दंडातून सूट मिळते. जाणूनबुजून केलेल्या बेफिकिरीला मीही माफी देणार नाही. परंतु हे प्रकरण तसे नव्हते. बऱ्याच चर्चेनंतर खुलाशाऐवजी चौकशी माझ्याकडे सोपवण्यात आली.

मी तिला त्याच खोलीत, त्याच ट्रेवर, तेच साहित्य घेऊन सगळी कृती पुन्हा करून दाखवायला सांगितले. टोपण काढून तिने बाजूला ठेवले आणि त्या क्षणी सिरिंजचा रंग नजरेआड झाला. इन्सुलिन दोघींनी तपासायचे, असा आमचा नियम होता, आणि तो त्या रात्रीही पाळला गेला होता. तिने भरलेली सिरिंज उजेडात धरून "बारा?" असे विचारले होते आणि दुसरीने खूण पाहून "बारा" म्हटले होते. खूण बरोबरच होती. बाटली आणि सिरिंज यांचा मेळ बसतो का, हे पाहणे कोणाच्याच वाट्याला आलेले नव्हते. दोन माणसांनी एकच गोष्ट एकाच नजरेने पाहिली, तर ती तपासणी दोनदा झाली असे मी आता मानत नाही.

'सावधपणे काम करा' अशा सूचनेचा कागद भिंतीवर लावू नये, यावर मी ठाम राहिले, कारण सावध नसलेली परिचारिका त्या रात्री तिथे नव्हतीच. आम्ही वॉर्डात एकाच शक्तीचे इन्सुलिन आणि त्याच मापाच्या सिरिंज ठेवू लागलो. घरून आलेली बाटली औषधविभागाने पाहिल्याखेरीज वापरायची नाही, असे ठरले. दुसरी परिचारिका आता डॉक्टरांचा लेखी आदेश, बाटलीचे लेबल आणि टोपणासह सिरिंज हे सगळे स्वतः पाहते आणि मात्रा पहिलीला न विचारता सांगते.

त्या मुलीने काही दिवस आपल्याला इंजेक्शनच्या कामापासून दूर ठेवावे, अशी विनंती केली होती. मी ती मान्य केली नाही, कारण दूर राहिल्याने भीती मुरते. पुढच्या पाळीत मी तिच्या शेजारी उभी राहिले आणि तिने इन्सुलिन भरले. हात थरथरत होते, म्हणून तिने एकदा थांबून लेबल मोठ्याने वाचले. ती सवय तिने सोडली नाही आणि पुढे वॉर्डातल्या इतरांनीही उचलली.

त्यानंतर आमच्याकडे येणाऱ्या नोंदी वाढल्या, आणि चुका वाढल्या की काय, असा प्रश्न प्रशासनाने केला. अमेरिकी संशोधक एमी एडमंडसन यांना रुग्णालयांतील औषधचुकांच्या अभ्यासात असेच कोडे पडले होते: ज्या चमू चांगल्या मानल्या जात, त्यांच्याच नोंदींत चुका अधिक दिसत होत्या, आणि तिथली माणसे चुकांविषयी मोकळेपणाने बोलतात, हे त्याचे कारण असावे, असे त्यांनी १९९६ मध्ये मांडले. आमच्या वाढलेल्या नोंदींपैकी बऱ्याचशा रुग्णापर्यंत पोहोचण्याआधीच लक्षात आलेल्या चुकांच्या होत्या, हे मी एकेक नोंद समोर ठेवून दाखवले.

एक काम अजून पुरते झालेले नाही. बाटली एका मापाची आणि सिरिंज दुसऱ्या मापाची, हा घोळ घरीही होऊ शकतो, आणि तिथे पाहणारे दुसरे कोणी नसते. म्हणून इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णाला घरी सोडताना आम्ही बाटली आणि सिरिंज त्याच्या हातात देऊन दोन्हींवरचा आकडा त्यालाच वाचायला लावतो. ज्यांची नजर अधू आहे त्यांच्या घरच्यांना हे शिकवायला अधिक वेळ लागतो, आणि तो वेळ पाळीच्या वेळापत्रकात कसा बसवायचा, यावर आमचे बोलणे चालू आहे.