तुम्ही विचारलंत म्हणून: सिनेमातली घोड्यांची रेस खरी किती?

मी अकरा वर्षं रेसकोर्सवर टोटच्या, म्हणजे घोड्यांवर पैसे लावायच्या, खिडकीत बसून तिकिटं विकली हे कुणाला कळलं की थोड्या वेळाने हा प्रश्न येतोच, सिनेमात दाखवतात तसं खरंच असतं का हो? परवा भाच्याने विचारलं, त्याच्या आधी शेजारच्या काकूंनी. मी दर वेळी दोन वाक्यांत उत्तर देते आणि नंतर वाटत राहतं की नीट सांगायला हवं होतं. म्हणून आता लिहितेच.

माझं उत्तर असं की सिनेमातला घोडा बऱ्यापैकी खरा असतो, जॉकी अर्धा खरा असतो आणि पैसा जवळजवळ पूर्ण खोटा असतो. मला त्रास होतो तो पैशाचा, कारण माझ्या हातातून तोच गेलाय.

आधी घोड्याचं सांगते. सिनेमा मुळात घोड्याच्या पायातून निघालाय असं म्हटलं तरी चालेल. पूर्वीचे चित्रकार धावता घोडा काढायचे तो पुढचे पाय पुढे ताणलेले आणि मागचे मागे, म्हणजे उडी मारल्यासारखा. झेरिकोचं १८२१ मधल्या एप्सम डर्बीचं प्रसिद्ध चित्र आहे, त्यात सगळे घोडे असेच हवेत तरंगतायत. मग १८७८ साली कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिजने ट्रॅकच्या कडेला ओळीने कॅमेरे लावले, घोडा धावत जाईल तशी एकेक तार तुटणार आणि एकेक फोटो निघणार अशी योजना, घोडी होती सॅली गार्डनर, आणि तेव्हा दिसलं की चारही पाय हवेत असतात खरे, पण ते ताणलेले असताना नाही, पोटाखाली गोळा झालेले असताना. शेकडो वर्षं लोक डोळ्यांनी बघत होते आणि चुकीचं बघत होते! त्या फोटोंच्या मालिकेतूनच पुढे हलत्या चित्रांकडे वाट गेली. म्हणून मला वाटतं की बाकी कुणी चुकलं तरी चालेल, सिनेमाने घोड्याच्या धावण्यात चुकायला नको.

पण तो एका ठिकाणी हमखास चुकतो. शेवटच्या वळणानंतर हिरोचा घोडा मागून येतो आणि गिअर बदलल्यासारखा सुसाट सुटतो, हे तुम्ही दहा सिनेमांत पाहिलं असेल. खऱ्या रेसमध्ये बहुतेक वेळा शेवटच्या टप्प्यात सगळेच घोडे मंदावत असतात. मागून येणारा वेग वाढवत नसतो, तो बाकीच्यांपेक्षा कमी मंदावलेला असतो, आपल्याला मात्र तो उडत आल्यासारखा दिसतो. म्हणजे जॉकीचं कसब शेवटच्या चाबकात कमी आणि पहिल्या अर्ध्या रेसमध्ये घोड्याचा दम राखून ठेवण्यात जास्त असतं, आणि ते पडद्यावर दिसत नाही कारण दिसायला तिथे काही घडतच नसतं, माणूस शांत बसलाय एवढंच.

याला अपवाद होऊन गेलाय. अमेरिकेतल्या १९७३ च्या केंटकी डर्बीत सेक्रेटॅरिएट नावाच्या घोड्याने प्रत्येक पाव मैल आधीच्या पाव मैलापेक्षा कमी वेळात पार केला, पाचच्या पाच. पुढच्याच महिन्यात बेलमॉन्ट स्टेक्स ही रेस त्याने ३१ लेंग्थनी (एक लेंग्थ म्हणजे एका घोड्याची लांबी) जिंकली, दीड मैल २ मिनिटं २४ सेकंदांत, आणि मातीच्या ट्रॅकवरचा त्या अंतराचा तो विक्रम आजही उभा आहे. त्याच्यावर २०१० साली सिनेमा आला. पण ३१ लेंग्थनी जिंकलेल्या रेसमध्ये चुरस कुठून आणणार? मागचा घोडा फ्रेममध्येच येत नाही. तिथे सिनेमाला घोड्याऐवजी स्टँडमधल्या माणसांचे चेहरे दाखवावे लागतात, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी बघण्यासारखा तो घोडाच होता. तुम्ही जुनं चित्रीकरण शोधून बघा, कॅमेरा मागे मागे जात राहतो, तरी दुसरा घोडा सापडत नाही.

जॉकींचं म्हणाल तर २००३ चा 'सीबिस्किट' मला आवडतो. त्यात गॅरी स्टीव्हन्स हा खराखुरा नामवंत जॉकी काम करतो आणि रेसची आखणी क्रिस मॅकॅरन या दुसऱ्या मोठ्या जॉकीने केलीय, ते जाणवतं, घोडे एकमेकांना घासून जातात तेव्हा पोटात गोळा येतो. पण गोष्टीसाठी तिथेही ओढाताण केलीय. प्रतिस्पर्धी वॉर अॅडमिरल अवाढव्य दाखवलाय आणि आपला घोडा सीबिस्किट चिमुकला. प्रत्यक्षात दोघं जवळपास सारख्याच उंचीचे होते, शिवाय नात्याने काका-पुतणे, कारण एकाचा बाप आणि दुसऱ्याचा आजोबा एकच, मॅन ओ' वॉर. १ नोव्हेंबर १९३८ ला पिमलिकोच्या ट्रॅकवर पुतण्या, म्हणजे सीबिस्किट, ४ लेंग्थनी जिंकला. एवढी मोठी गोष्ट खरी असताना उंची कशाला वाढवायची मला समजत नाही.

बाकी चुका पटापट सांगते. धावत्या घोड्यांवरून जॉकी एकमेकांशी संवाद म्हणतात, तसलं काही नसतं, तासाला साठ किलोमीटरच्या वेगात जागा मागायची एखादी आरोळी, बस. मातीच्या ट्रॅकवर मागच्या जॉकीच्या तोंडावर इतकी माती येते की ते एकावर एक तीन-चार गॉगल घालतात आणि मळेल तसा वरचा खाली ओढतात, सिनेमात हिरोचे डोळे दिसायला हवेत म्हणून गॉगल नाहीत. चाबूक सपासप चालतो, खऱ्या रेसमध्ये किती वेळा वापरायचा यावर बऱ्याच देशांत मर्यादा आहे, ब्रिटनमध्ये २०२३ पासून सपाट, म्हणजे अडथळे नसलेल्या, रेसला ६ वेळा. १२०० मीटरची रेस सव्वा मिनिटाच्या आत संपते, ती पडद्यावर चार मिनिटं चालते. आणि एक गोष्ट जी मला अजून कुठल्याच सिनेमात ठळक दिसली नाही, धावणाऱ्या घोड्यांच्या मागे अॅम्ब्युलन्स धावत असते. प्रत्येक रेसला. असा दुसरा कुठला खेळ मला तरी आठवत नाही. पहिल्या आठवड्यात मला ती दिसली तेव्हा वाटलं अपघात झालाय, शेजारच्या खिडकीतल्या बाई म्हणाल्या, अगं झाला नाहीये, होऊ शकतो म्हणून ती तिथे आहे.

घोड्यांचे हाल तर कॅमेऱ्यासाठीसुद्धा झालेत. रेसवरच्या 'लक' या अमेरिकन मालिकेच्या कामात तीन घोडे मेले आणि २०१२ साली ती बंद करावी लागली. रेसचा घोडा म्हणजे पाचशे किलोच्या आसपासचं शरीर आणि काडीसारखे पाय, एक पाय मोडला की बाकी तिघांवर भार येतो आणि तेही जातात, म्हणून साधं फ्रॅक्चरसुद्धा त्याच्या जिवावर बेततं. रीटेक म्हणून त्याला पुन्हा पुन्हा पळवणं मला सहन होत नाही.

फोटो फिनिशबद्दलही, म्हणजे अटीतटीचा निकाल फोटो बघून लावतात त्याबद्दलही, सांगायलाच हवं. सिनेमात दोन घोडे रेषेवर पोचतात आणि चित्र थिजतं. खरा फोटो फिनिशचा कॅमेरा अख्ख्या ट्रॅकचा फोटो काढतच नाही, तो फक्त अंतिम रेषेची एक बारीक उभी फट बघत असतो आणि त्या फटीतून जे जे जाईल ते एकापुढे एक जोडत नेतो. म्हणजे त्या फोटोत डावीकडून उजवीकडे जागा बदलत नाही, वेळ बदलते. जागा सगळीकडे तीच, रेषेची! त्यामुळे घोडे कधी ताणल्यासारखे लांबुळके, कधी पाय वाकडे असे विचित्र दिसतात. मला हे कळायला दोन वर्षं लागली आणि कळल्यावर मी दर वेळी तो फोटो लागला की उठून बघायला जायचे.

आता पैसा.

सिनेमातला हिरो घर गहाण टाकून, आईचे दागिने विकून सगळी रक्कम पन्नासला एक भावाच्या घोड्यावर लावतो, घोडा लागतो, पन्नासपट पैसे मिळतात, गाणं. टोटमध्ये हे होऊच शकत नाही, आणि का ते नीट समजून घ्या. टोट म्हणजे लावणाऱ्यांनी आपापसात लावलेली पैज, १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये जोसेफ ओलेरने ही पद्धत आणली. सगळ्यांचे पैसे एका पूलमध्ये जातात, त्यातून चालवणाऱ्यांची आणि सरकारची कपात होते, उरलेले जिंकणाऱ्यांत वाटले जातात. समजा विनच्या, म्हणजे घोडा पहिला येईल या पैजेच्या, पूलमध्ये १ लाख जमलेत आणि त्यातले फक्त १ हजार एका पडेल घोड्यावर आहेत. कपात २० टक्के धरली तर वाटायला ८० हजार, म्हणजे एकाला ऐंशी. आता आपला हिरो येतो आणि त्याच घोड्यावर १० हजार लावतो. पूल झाला १ लाख १० हजार, कपात जाऊन ८८ हजार, आणि त्या घोड्यावर आता ११ हजार आहेत. एकाला आठ! त्याच्या स्वतःच्या पैशानेच त्याचा भाव ऐंशीचा आठ झाला. हातात ८ लाख यायची तिथे ८० हजार येणार. खिडकीसमोर उभ्या माणसाच्या पाठीमागे बोर्डवर आकडा कोसळताना मी पाहिलाय, आणि त्याला वळून बघायला सांगायची माझी हिंमत झाली नाही.

बुकीकडे, म्हणजे स्वतःच पैजा घेणाऱ्याकडे, भाव ठरलेला मिळतो हे खरं, पण बुकी काय डोळे मिटून बसलेला नसतो, मोठी रक्कम आली की तो भाव पाडतो नाहीतर घेतच नाही. म्हणून भाव न पाडता मोठी रक्कम कशी लावायची हाच खरा खेळ असतो, आणि त्याची खरी गोष्ट कुठल्याही पटकथेपेक्षा सरस आहे. २६ जून १९७५, आयर्लंडमधलं बेलस्टाउन, घोड्याचं नाव यलो सॅम. बार्नी कर्ली या माणसाने देशभरच्या शंभराहून जास्त पैजेच्या दुकानांत आपली माणसं पाठवून थोडे थोडे पैसे लावले, भाव रेस सुटतानाचा मिळणार होता. दुकानदारांना संशय आला असता तर त्यांनी ट्रॅकवर फोन करून भाव पाडायला लावला असता. पण त्या ट्रॅकवर फोन एकच होता, आणि त्या फोनवर कर्लीचा एक साथीदार आपली मावशी मरणाच्या दारात आहे असं सांगून अर्धा तास बोलत उभा राहिला. मागे रांगेत लोक थांबलेले, पण मरणाऱ्या मावशीचा फोन कोण तोडणार! घोडा वीसला एक भावाने जिंकला आणि तीन लाख पाउंडांहून जास्त रक्कम निघाली. यात बघा, घोड्याच्या धावेइतकाच महत्त्वाचा एक फोन आहे.

१९७३ चा 'द स्टिंग' मला याच कारणासाठी पटतो. तिथे फसवणुकीचा सगळा डाव पैजेच्या खोट्या दुकानात होतो आणि सगळं अडतं ते 'प्लेस' या एका शब्दावर, पैसे 'ठेव' असा अर्थ की घोडा 'दुसरा येईल' असा. खिडकीत असे घोळ रोज व्हायचे. तीन नंबर विन मागितलं, गर्दीत प्लेस ऐकू आलं, तिकीट हातात घेऊन माणूस निघून गेला आणि रेस संपल्यावर परत आला. खिडकी सोडायच्या आधी तिकीट वाचा, हे मी अकरा वर्षं दिवसातून शंभर वेळा म्हटलं असेल.

पण सगळ्यात मोठं खोटं कुठलं विचाराल तर सिनेमा जिंकल्यावर संपतो हे. खिडकीवर पुढची रेस अर्ध्या तासाने असते. एक गृहस्थ यायचे, कायम शेवटच्या दोन मिनिटांत, सुट्टे पैसे आधीच मोजून आणलेले, कधी चढ्या आवाजात बोलले नाहीत. एकदा त्यांचा मोठा घोडा लागला. सिनेमात इथे नावं सुरू झाली असती. ते पैसे घ्यायला आले तेव्हा हात थरथरत होते, मला म्हणाले मुलीची फी भरून टाकतो, आणि मला इतका आनंद झाला की मी खिडकीतून हात बाहेर काढून त्यांचा हात धरला. पुढच्या रेसला ते परत माझ्याच खिडकीशी होते. त्याच्या पुढच्यालाही. शेवटच्या रेसला त्यांनी जे तिकीट घेतलं ते नेहमीच्याच रकमेचं होतं, कारण तेवढेच उरले होते. कपात २० टक्के असेल आणि आलेले पैसे माणूस दर रेसला परत लावत गेला तर शंभराचे आठ रेसमध्ये सरासरी सतरा उरतात, हा हिशोब मी त्या रात्री घरी कागदावर केला. यात कुणी फसवत नाही, कुठला व्हिलन नसतो, नुसती वजाबाकी चालू असते.

हरणाऱ्यांचा आरडाओरडाही सिनेमात फार. खरं हरणं शांत असतं. फेव्हरेट घोडा साधारण तीनात एकदा जिंकतो, म्हणजे सगळ्यांचा लाडका घोडासुद्धा तीनात दोनदा हरतोच, तेव्हा लोकांना हरण्याची सवय असते. ते तिकीट बघतात, बोर्ड बघतात, परत तिकीट बघतात.

भाच्याने शेवटी विचारलं की मग सिनेमावाल्यांनी काय दाखवायला हवं होतं. मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या. बेलमॉन्टच्या त्या ३१ लेंग्थच्या रेसला सेक्रेटॅरिएटवर दोन डॉलरच्या तिकिटाला दोन डॉलर वीस सेंट मिळणार होते, आणि जिंकलेली ५,६१७ तिकिटं कुणी कधी वटवलीच नाहीत, लोकांनी आठवण म्हणून घरी नेली. आणि दुसरी गोष्ट, आमच्याकडे शेवटची रेस झाल्यावर, मी कॅश जुळवत असताना, समोरच्या मोकळ्या जागेत जमिनीवर तिकिटांचा थर पडलेला असायचा आणि दोन-तीन माणसं खाली बघत हळूहळू चालत असायची. बुटाच्या टोकाने तिकीट उलटं करायचं, वाकायचं, नंबर वाचायचा, टाकून द्यायचं, कारण गर्दीत कुणीतरी चुकून जिंकलेलं तिकीट फेकलेलं असतं, क्वचित, पण असतं. दिवे बंद व्हायला लागेपर्यंत ते तसे चालत असायचे.